ठोकळ्यांचं सुखोई

लोणावळ्याहून आयएनएस शिवाजीकडे जाताना वाटेत भुशी धरण लागतं. एकोणिसाव्या शतकात रेल्वेने इथे पाणी अडवलं ते वाफेच्या इंजिनांसाठी. पलीकडच्या आयएनएस शिवाजीत १९४५पासून नौदलाच्या तंत्रज्ञांना जहाजांची यंत्रं शिकवली जातात. यंत्रांशी असा जुना घरोबा असलेल्या गावात, बाहेर धो धो पाऊस कोसळत असताना एखादं पोर माइनक्राफ्टमध्ये लढाऊ विमान उभारत बसलं, तर त्याला ‘मोबाइल ठेव आधी’ म्हणण्यापूर्वी क्षणभर शेजारी बसून बघावं. तिथे खरीखुरी कारागिरी चाललेली असते.

स्वीडनमध्ये जन्मलेला हा खेळ २०११मध्ये पूर्ण रूपात आला. त्यातला प्रत्येक ठोकळा एक घनमीटरचा. दिवाळीत किल्ला करताना मातीला हवा तसा आकार देता येतो. इथे गोलाईसुद्धा चौकोनांतूनच काढावी लागते. म्हणून पहिलं काम मोजमापाचं.

नमुना आपल्याच मुलखातला घेऊ: सुखोई-३० एमकेआय. हे विमान २००२मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर हवाई दलात दाखल झालं आणि पुढे नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार होऊ लागलं. लांबी सुमारे २१.९ मीटर, पंखांचा पसारा १४.७, उंची ६.४. जसंच्या तसं बांधलं तर २२ ठोकळ्यांत नाक, दोन आसनांचं कॉकपिट, दोन इंजिनं आणि दोन उभ्या शेपट्या बसवायच्या. सगळं गिचमिड होतं. तिप्पट आकार घेतला की लांबी ६६ ठोकळे होते आणि तपशिलाला जागा मिळते. पंखांचा पसारा हिशेबाने ४४ येतो, पण जाणकार तो ४५ धरतात. विषम संख्या घेतली तरच बरोबर मधोमध एका ठोकळ्याची रेघ मिळते आणि नाकाला टोक येतं.

खरी कसोटी पंखाची. सुखोईच्या पंखाची पुढची कड सुमारे ४२ अंशांनी मागे झुकलेली आहे. म्हणजे बाहेरच्या बाजूला दहा ठोकळे सरकलं की मागे साधारण नऊ यायचं. नऊ वेळा एक बाहेर, एक मागे. दहाव्या वेळी फक्त बाहेर. ही लय चुकली की पंख तिरका न दिसता कुऱ्हाडीने तोडल्यासारखा दिसतो. मुळाशी पूर्ण ठोकळा आणि टोकाकडे अर्ध्या उंचीचा स्लॅब लावला की पंख निमुळता होतो. नाकाच्या उतारासाठी पायऱ्यांचे ठोकळे, कॉकपिटला रंगीत काच, अंगाला राखाडी काँक्रीट. क्रिएटिव्ह मोडमध्ये हे सारं आयतं मिळतं. सर्व्हायव्हलमध्ये मात्र वाळूचे चार, खडीचे चार ठोकळे आणि एक रंग यांतून काँक्रीटच्या पुडीचे आठ ठोकळे बनवायचे आणि ते पाण्याला लावून घट्ट करायचे.

हे विमान उडत मात्र नाही. पिस्टन आणि चिकट स्लाइमचे ठोकळे जोडून हवेत सरकणारं यंत्र करता येतं, पण एक पिस्टन जास्तीत जास्त बाराच ठोकळे ढकलतो. हजारो ठोकळ्यांचं सुखोई त्याच्या आवाक्यात नाही. खेळात पंख आधाराशिवाय अधांतरी राहतो, त्याला वजन नसतं. वजन, ताण, उष्णता हे प्रश्न ओझरच्या कारागिराला टाळता येत नाहीत, पोराला मात्र ते पडतच नाहीत.

तरीही त्याच्या हाती बरंच लागतं. दोन इंजिनांच्या मध्ये पोकळी का, कॉकपिटमागे छोटे जादा पंख कशाला, मागचं आसन थोडं उंच का, हे प्रश्न चित्र पाहून पडत नाहीत. ठोकळा कुठे ठेवायचा हे ठरवताना पडतात. मावळातल्या शाळांनी हा उपक्रम जरूर करून पाहावा: विमानाची वरून, समोरून आणि बाजूने काढलेली चित्रं आलेख कागदावर उतरवायची, प्रमाण ठरवायचं, ठोकळ्यांचा हिशेब मांडायचा आणि मगच खेळ उघडायचा. गुणोत्तर, सममिती, कोन हे फळ्यावर रुक्ष वाटणारे धडे पोरं आपणहून गिरवतील. यंत्राकडे नुसतं कौतुकाने न पाहता ते कसं बांधलंय हे विचारायची सवय लागली, तर उद्याच्या तंत्रज्ञाची सुरुवात झालीच म्हणायची.