पेरूतली कचकच आणि लिग्निन
पेरू खाताना दाताखाली कचकच लागते ना? (बियांची नव्हे, गराची.) ती अश्मपेशींची. त्यांच्या जाड भिंतींत लिग्निन नावाचं कडक द्रव्य ठासून भरलेलं असतं. लाकडाच्या कोरड्या वजनातही ते साधारण २० ते ३० टक्के असतं.

लिग्निनचा कच्चा माल फेनिलअलॅनिन, प्रथिनांतलंच एक अमिनो आम्ल. पेशीत त्यापासून मोनोलिग्नॉल नावाचे सुटे रेणू बनतात. ते भिंतीत पोचले की लॅकेज आणि पेरॉक्सिडेज ही एन्झाइम्स त्यांचं ऑक्सिडीकरण करतात आणि रेणू जमेल तसे एकमेकांना जोडले जातात. डीएनएसारखा ठरलेला क्रम वगैरे काही नाही!

सगळ्यात भारी प्रकार म्हणजे, पाणी वाहून नेणाऱ्या झायलेमच्या पेशी मेल्यानंतरही शेजारच्या जिवंत पेशी त्यांच्या भिंतींना मोनोलिग्नॉल पुरवत राहतात.