घरच्या बिनतारी जाळ्याची परवली

पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गांवीं देखील आतां घरोघर वायफायची पेटी आली आहे. नातवंडांचा अभ्यास, सूनबाईंचे बँकेचे व्यवहार, चिरंजिवांची कचेरी आणि वडील मंडळींचें कीर्तनश्रवण हें सारें तिच्यावर चालतें. पेटी बसविणारा मुलगा येतो, भिंतीवर ती ठोकतो, यजमानांचा मोबाईल क्रमांकच परवली म्हणून घालून देतो आणि चहा घेऊन जातो. रात्रीं निजण्यापूर्वीं कडीकोयंडा दोनदां पाहणारे आपण लोक. परंतु ह्या नव्या दाराकडे कोणी ढुंकूनहि पाहात नाहीं, कारण तें डोळ्यांना दिसत नाहीं. पेटींतून निघणाऱ्या लहरी भिंतीपाशीं थांबत नाहींत. त्या ओटी ओलांडून रस्त्यावर जातात, शेजाऱ्यांच्या माजघरांत शिरतात, आणि पेटी माडीवर असली तर समोरच्या पारावर बसलेल्या वाटसरूसहि सांपडतात.

"कोणीं चार घटका फुकट वापरलें तर आपलें काय गेलें?" असें उदार मनाचे गृहस्थ विचारतात. तहानलेल्यास विहिरीचें पाणी नाकारूं नये ही आपली रीत खरी. पण विहिरीच्या पाण्यावर मालकाचें नांव लिहिलेलें नसतें. घरांतून जो जो निरोप बाहेर जातो, त्याच्यामागें त्या घराच्या जोडणीचा क्रमांक जातो. कोणत्या मनुष्यानें कोणत्या फोनवरून तो धाडिला, हें त्या क्रमांकावरून कळत नाहीं. कळते ती जोडणी, आणि ती ज्यांच्या नांवावर आहे ते यजमान.

ह्याचें विदारक उदाहरण महाराष्ट्रांतच घडलें आहे. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबादेंत बाँबस्फोटांची मालिका होऊन पन्नासाहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. स्फोटांच्या कांहीं मिनिटें आधीं वृत्तवाहिन्यांकडे धमकीचा ई-मेल पोंचला होता. त्याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईंत सानपाडा येथील एका घरीं गेले. तेथें एक अमेरिकन गृहस्थ राहात होते. त्यांचें वायफाय उघडें होतें, आणि कोणा परक्यानें त्याचा उपयोग केला होता. त्या गृहस्थांचे संगणक जप्त झाले, जाबजबाब झाले, खोटें पकडण्याच्या यंत्रावर त्यांची तपासणीहि झाली; आणि अखेर कटाशीं त्यांचा संबंध नाहीं असें ठरलें. त्याच वर्षीं २३ ऑगस्टला माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या जाळ्यांतून, आणि १३ सप्टेंबरला दिल्लीच्या स्फोटांच्या वेळीं चेंबूरमधील एका खाजगी कचेरीच्या जाळ्यांतून, असेच ई-मेल गेले. पुढें जानेवारी २००९ मध्यें मुंबईचे पोलीस हातांत यंत्र घेऊन उघडीं जाळीं शोधीत रस्त्यांतून हिंडूं लागले.

एकत्र कुटुंबांत जोडणी बहुधा कर्त्या वडिलांच्या नांवावर असते, आणि तिचा उपयोग सर्वांत कमी तेच करतात. उद्यां पोलीस दारीं आले तर पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जाणार. सत्तरीच्या वृद्धानें त्याचें उत्तर कोठून द्यावें?

आतां कुलपाविषयीं. १९९७ सालीं निघालेलें पहिलें कुलूप 'वेप' ह्या नांवाचें होतें. त्याचें वैगुण्य २००१ मध्यें फ्लूरर, मँटिन व शमीर ह्या तिघांनीं दाखविलें. आणि २००७ मध्यें जर्मनींतील संशोधकांनीं तें एका मिनिटाच्या आंत उघडून दाखविलें. 'वेप'च्या मागून २००३ सालीं डब्ल्यूपीए, २००४ सालीं डब्ल्यूपीए-२ व २०१८ सालीं डब्ल्यूपीए-३ अशीं कुलपें आलीं. पेटींत तिसरें असेल तर तें घ्यावें, नसेल तर दुसरें चालेल. पण 'वेप' दिसल्यास पेटीच बदलावी. हें पाहण्यासाठीं फार विद्वत्ता लागत नाहीं. पेटीच्या पाठीवर चिकटविलेल्या कागदावर एक पत्ता व प्रवेशाचे शब्द छापलेले असतात. तो पत्ता फोनवर उघडला म्हणजे पेटीचें दप्तर उघडतें. त्या दप्तराची परवली वायफायच्या परवलीहून निराळी असते आणि तीहि प्रथम बदलावी लागते, हें मात्र पुष्कळांच्या गांवींहि नसतें.

दप्तरांत 'डब्ल्यूपीएस' नांवाची एक सोय दिसेल. आठ आंकडे दिले कीं दार उघडतें, अशी ती युक्ति. आठ आंकड्यांच्या जुळण्या दहा कोटि. शेवटचा आंकडा पडताळ्याचा असल्यामुळें खऱ्या एक कोटि. एवढ्यावरहि निभावलें असतें. परंतु पेटी पहिले चार आंकडे वेगळे तपासते व उरलेले वेगळे, म्हणून चोराला १०,००० आणि १,००० मिळून अवघे ११,००० प्रयत्न पुरतात. ही गोष्ट २०११ सालीं उजेडांत आली. गुणाकाराच्या जागीं बेरीज झाली कीं किती अनर्थ होतो, हें वर्गांत मुलांना शिकवावयास ह्याहून चांगलें उदाहरण नाहीं. ती सोय बंद करावी.

मुख्य प्रश्न परवलीचा. डब्ल्यूपीए-२ च्या जाळ्यांत एकादा फोन शिरतांना जी देवघेव होते ती चोर टिपून नेतो आणि घरीं बसून यंत्राकडून अंदाज करवितो. सेकंदास दहा लक्ष अंदाज करणारीं यंत्रें आज मिळतात. मोबाईल क्रमांक दहा आंकडी, त्याचा पहिला आंकडा ६ ते ९ पैकीं. म्हणजे फार तर ४०० कोटि क्रमांक. एवढे चाळावयास तासाहून थोडा अधिक वेळ लागेल. जन्मतारखेचा विचारच नको. शंभर वर्षांत तारखा साडेछत्तीस हजार. कुलदैवत, गोत्र, नातवाचें लाडकें नांव, हीं तर लग्नपत्रिकांवरून साऱ्या पंचक्रोशीस ठाऊक असतात. आम्हां संस्कृतज्ञांस निराळाच मोह होतो, एकाद्या स्तोत्राचा चरण घालण्याचा. चरण लांब असतो हें खरें. पण जें सर्वांस मुखोद्गत तें गुपित कसलें?

उपाय सोपा आहे. मोल्सवर्थचा किंवा घरांत असेल तो कोश डोळे मिटून पांच ठिकाणीं उघडावा व बोट पडेल तेथील पांच शब्द घ्यावे. पाट, पळस, दौत, आखाडा, कानवला असें कांहीं निघेल. (छापून आल्यामुळें हे पांच शब्द आतां निरुपयोगी झाले!) ते रोमन अक्षरांत लागोपाठ लिहावे. परवली ८ ते ६३ अक्षरांची चालते, तेव्हां अडचण नाहीं. कोशांतील नेहमींचे पांच हजारच शब्द हिशोबांत धरले, तरी तेवढ्याच वेगाच्या यंत्रास सर्व जुळण्या तपासावयास सुमारें एक लक्ष वर्षें लागतील. चार शब्दांवर भागवूं म्हणाल, तर तोच काळ वीस वर्षांवर येतो. अर्थाचा शब्द गाळून मनपसंत शब्द मात्र घेऊं नये. मनपसंत म्हटलें कीं पुन्हा तेंच कुलदैवत येतें.

आतां पाहुण्यांचें काय? मुंजींत, मंगळागौरींत, दिवाळींत शंभर माणसें येणार, आणि "वायफाय काय आहे हो?" हा प्रश्न पाण्याच्या तांब्याआधीं येणार. नाहीं म्हणणें अशोभनीय, आणि सांगितलेली परवली परत घेतां येत नाहीं. ज्याला सांगितली तो आपल्या फोनवरची खूण दाखवून दुसऱ्यास देतो. बहुतेक पेट्यांत पाहुण्यांसाठीं दुसरें जाळें निराळ्या नांवानें काढण्याची सोय आहे. तें कार्य उरकल्यावर बंद करतां येतें. जाळ्याच्या नांवांत आडनांव घालूं नये. नांव लपविल्यानें चोर थांबतो हा मात्र भ्रम आहे; साध्या यंत्रास तें दिसतेंच. पेटीची आज्ञावली तिच्या कारखान्याकडून वेळोवेळीं दुरुस्त होते, ती घेत जावी. २०१७ सालीं बेल्जममधील एका संशोधकानें डब्ल्यूपीए-२ मध्येंहि एक छिद्र दाखविलें, तें अशाच दुरुस्तीनें बुजलें.

हें सारें घरांत कोणाच्या हातीं असावें? वात्स्यायनानें चौसष्ट कलांत 'म्लेच्छितविकल्प' म्हणजे गूढलेखनाची विद्या गणिली आहे, आणि ह्या कला स्त्रियांनीं शिकाव्या असें सांगितलें आहे. पेटीचें दप्तर घरांतल्या सुनेकडे किंवा लेकीकडे द्यावें, हें माझें मत त्यावरूनच बनलें असें नाहीं. दिवसभर घरांत काय चाललें आहे हें त्यांना अधिक कळतें. दप्तराची परवली कागदावर लिहून बँकेच्या पासबुकांबरोबर कपाटांत ठेवावी, म्हणजे यजमानांनाहि ती वेळीं सांपडते. आणि कोणी टाचणीनें पेटीच्या मागचें बारीक बटण दाबून धरलें, तर घातलेलीं सर्व कुलपें नाहींशीं होऊन कारखान्यांतली मूळची परवली परत येते. वायफाय एकाएकीं नव्या नांवानें दिसूं लागलें, कीं त्याच दिवशीं दप्तर उघडून पाहावें.