बोलायला दुसरा लागतो
बँकेतून निवृत्त झाल्यावर मी आणि माझा एक जुना सहकारी एस्परांतो शिकलो. डॉ. झामेनहॉफ या नेत्रवैद्याने 1887 साली वॉर्सात प्रसिद्ध केलेली ही घडवलेली भाषा. मूळ नियम अवघे 16. नाम ओकारान्त, विशेषण आकारान्त. वाचता लवकर आले, पण बोलायला तोंड उघडेना! मग ठरले, दर शनिवारी चहा, गप्पा एस्परांतोतच, आणि एकमेकांच्या चुका काढायच्या नाहीत.

मित्राला मधुमेह. एकदा तो अडखळत म्हणाला, ‘सेनसुकेरा तेओ!’ सेन म्हणजे बिन, सुकेरो म्हणजे साखर. शब्द त्याने जागच्या जागी जुळवला होता. त्या दिवशी भाषा पुस्तकातून आमच्या कपात उतरली.

झामेनहॉफनेही 1878 साली शाळासोबत्यांबरोबर असाच आरंभ केला होता. थट्टा होऊ लागताच सोबती पांगले, तो एकटा उरला. पुढे 1905 मध्ये फ्रान्समधल्या बुलोनला मात्र 688 माणसे जमली आणि दुभाष्याविना बोलली. भाषा एकट्याने घडवता येते. बोलायला दुसरा लागतो.

मित्र जाऊन दोन वर्षे झाली. व्याकरण मला अजून पाठ आहे. शनिवारचा चहा मुकाट्याने होतो. तुमच्यापैकी कुणाला शिकायचे असेल, तर जरूर या. चुका काढणार नाही.