महासाथीतील न्यायालय आणि डॉक्टरांचा कागद

अफझलगंजच्या पुलावर उभे राहिले की मुसीच्या दोन्ही तीरांवर दोन भव्य वास्तू दृष्टीस पडतात. उत्तरेला उस्मानिया रुग्णालय आणि दक्षिणेला उच्च न्यायालय. पाचवे निजाम अफझल-उद-दौला यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या परिसराची २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात मोठी वाताहत झाली. त्यानंतर शहराची जी पुनर्रचना झाली, तिच्यातून या दोन्ही वास्तू उभ्या राहिल्या. दोहोंचा आराखडा विन्सेंट एश या एकाच वास्तुविशारदाचा. रुग्णालय आणि न्यायालय असे समोरासमोर असणे हा योगायोग असला तरी दोहोंना जोडणारी एक वस्तू पहिल्यापासून होती. ती म्हणजे डॉक्टरांचा कागद. जखमेचा दाखला, वयाचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल, मानसिक स्थितीचे प्रमाणपत्र असे कागद वर्षानुवर्षे माणसांच्या हातून पूल ओलांडत आले.

हा पूल मराठी माणसालाही परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबादला जोडलेला होता. नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद येथील पक्षकार दप्तरांची गाठोडी घेऊन काचीगुडा स्थानकावर उतरत आणि उच्च न्यायालयाची वाट धरीत. विवेकवर्धिनी शिक्षणसंस्थेच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता, ते केशवराव कोरटकर याच उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. न्याय मिळण्यात कागदाच्या प्रवासाचा केवढा वाटा असतो, हे त्या पिढीला सांगावे लागत नव्हते. पुढे १९८१ मध्ये औरंगाबादला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले, तेव्हा मराठवाड्याचा हा प्रवास आणखी आखूड झाला.

२०२० साली मात्र अंतर शंभर कोसांचे असो वा एका पुलाचे, सारखेच झाले. कोणालाच कोठे जाता येईना. त्या वेळी न्यायालयांनी कागद विद्युत्-मार्गाने स्वीकारण्याची जी व्यवस्था मोठ्या प्रमाणावर अमलात आणली, तिचा आपल्या व्यवसायाशी, विशेषतः बालकांशी, काय संबंध आहे याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

तीन दिवसांतील तीन निर्णय

मार्च २०२० मधील तीन दिवस आठवावेत. २३ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन दावे, अपिले व अर्ज दाखल करण्याच्या कायदेशीर मुदती १५ मार्चपासून वाढविल्या. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. २५ मार्चला दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आणि फोनवरून किंवा चित्रसंवादाने रुग्ण तपासण्यास निश्चित चौकट मिळाली. म्हणजे न्यायदान आणि वैद्यक हे दोन्ही व्यवसाय एकाच आठवड्यात तारेवर चढले. ६ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक आदेश देऊन सर्व न्यायालयांना दूरदृश्य पद्धतीने कामकाज चालविण्याचा मार्ग मोकळा केला. या काळात सरन्यायाधीशपदी नागपूरचे न्या. शरद बोबडे होते, तर न्यायालयांच्या संगणकीकरणाचे काम पाहणाऱ्या ई-समितीचे अध्यक्ष न्या. धनंजय चंद्रचूड होते.

ही व्यवस्था एका रात्रीत निर्माण झाली असे मात्र नव्हे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने २००० सालीच विद्युत् अभिलेखास व डिजिटल स्वाक्षरीस मान्यता दिली होती. २००३ मध्ये मुंबईच्या एका शल्यविशारदावरील खटल्यात न्यूयॉर्कच्या डॉक्टरांची साक्ष दूरदृश्य पद्धतीने घेता येईल, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. त्याच न्यायालयात ई-फायलिंगची सोय २ ऑक्टोबर २००६ पासून होती. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविलेली नोटीस, निळ्या खुणा दिसल्यावर, पोहोचली असे मानले होते. साधने हाताशी होती, पण वापराची सवय नव्हती. महासाथीने ती सक्तीने लावली. १० जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ई-मेल व संदेशसेवांद्वारे नोटिसा बजावण्यास अनुमती दिली. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपुरात ‘न्याय कौशल’ हे देशातील पहिले ई-संसाधन केंद्र सुरू झाले. तेथे बसून देशातील कोणत्याही न्यायालयात कागद दाखल करता यावा, हा त्यामागील हेतू होता.

आपल्या शहरातही तेच घडले. चाचण्यांची संख्या, खाटा, संरक्षक पोशाख, स्थलांतरित मजुरांचे हाल यांविषयीच्या जनहित याचिका तेलंगण उच्च न्यायालयाने पडद्यावर ऐकल्या आणि शासनाकडून अहवाल मागविले. जुलै २०२० मध्ये उस्मानियाच्या जुन्या इमारतीतील कक्षांत पावसाचे पाणी शिरले व ती इमारत रिकामी करावी लागली. तिच्या भवितव्याचा वाद नदीपलीकडच्या न्यायालयात गेला, तेव्हा तेथील बहुतांश कामकाज दूरदृश्य पद्धतीने चालत होते.

थांबलेले घड्याळ आणि न थांबणारे घड्याळ

मुदतवाढीचा आदेश टप्प्याटप्प्याने चालू राहिला. शेवटी १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा संपूर्ण काळ मुदतीच्या गणनेतून वगळण्यात आला. हे ७१६ दिवस झाले. जमिनीचा दावा, थकीत रक्कम, धनादेश न वटल्याची तक्रार यांच्यासाठी हा मोठाच दिलासा होता, आणि तो योग्यही होता.

परंतु बालरोगतज्ज्ञ हा काळ निराळ्या मापाने मोजतो. ७१६ दिवसांत नवजात अर्भक मान धरते, बसते, चालू लागते आणि दोन शब्द जोडून बोलूही लागते. कायद्याचे घड्याळ न्यायालयाला थांबविता येते. बालकाच्या वाढीचे घड्याळ कोणालाही थांबविता येत नाही. म्हणून मुदतवाढीने जे प्रश्न सुटले त्यांपेक्षा जे सुटू शकत नव्हते त्यांच्यासाठी विद्युत्-मार्गाने कागद पोहोचणे हे जीवनमरणाइतके महत्त्वाचे ठरले.

पहिले उदाहरण गर्भपाताच्या परवानगीचे. सप्टेंबर २०२१ पूर्वी वीस आठवड्यांनंतर, मातेचा जीव वाचविण्याचा प्रसंग वगळता, गर्भपातासाठी उच्च न्यायालयात याचिका करावी लागे. न्यायालय वैद्यकीय मंडळाचा अहवाल मागवी आणि तो आल्यावर निर्णय देई. अशा याचिका मुंबई उच्च न्यायालयात टाळेबंदीतही येत राहिल्या. अहवाल चार दिवस उशिरा आला तर येथे केवळ तारीख पुढे जात नाही, गर्भाचे वय वाढते, मातेचा धोका वाढतो आणि निर्णयच बदलू शकतो. २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ठरावीक प्रकरणांत मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत नेली आणि गर्भातील गंभीर व्यंगाच्या प्रकरणांचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे सोपविला. त्या मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ व क्ष-किरण अथवा सोनोग्राफी तज्ज्ञ यांच्याबरोबर बालरोगतज्ज्ञही असावा लागतो. मंडळाने तीन दिवसांत मत द्यावे, असे नियम सांगतात. येथे नियमानेच डॉक्टरांच्या कागदाला तासांचा हिशेब लावला आहे.

दुसरे उदाहरण बालगृहांतील मुलांचे. ३ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बालसंरक्षण गृहांतील मुलांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली व बाल न्याय मंडळांना ऑनलाइन बैठका घेऊन मुलांच्या सुटकेचा विचार करण्यास सांगितले. दाटीवाटीच्या बालगृहात साथ शिरली तर काय होईल, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही.

तिसरे उदाहरण अनाथ झालेल्या मुलांचे. २८ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलांची माहिती ‘बाल स्वराज’ या संकेतस्थळावर भरण्याचा आदेश जिल्हा प्रशासनांना दिला, आणि मुदत दिली ती दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंतची. जूनच्या आरंभी राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने न्यायालयास जी आकडेवारी सादर केली, तीत देशभरातील ३०,०७१ मुले होती. त्यांपैकी ३,६२१ मुलांनी दोन्ही पालक गमावले होते, २६,१७६ मुलांनी एक पालक गमावला होता आणि २७४ मुले टाकून दिलेली होती. महाराष्ट्राचा आकडा ७,०८४ म्हणजे सर्वांत मोठा होता. कागदोपत्री पत्रव्यवहाराच्या चालीने ही मोजदाद पावसाळा संपला तरी झाली नसती. मात्र मृत्यूच्या वैद्यकीय कारणाचे प्रमाणपत्र डॉक्टर लिहितो, हे आपण विसरू नये.

जालन्याचा निकाल आणि आपण

कागद पोहोचला तरी तो पुरावा म्हणून टिकेल का, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर एका मराठी मुलुखातील खटल्याने दिले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचे काही उमेदवारी अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले, असा प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. त्यासाठी निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्याच्या चित्रफिती पुरावा म्हणून पुढे आल्या. १४ जुलै २०२० रोजी, महासाथ ऐन भरात असताना, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : विद्युत् अभिलेखाची मूळ साधनसामग्री हजर केली नसेल, तर त्याच्या प्रतीसोबत पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र अनिवार्य आहे. अधिकाऱ्यांकडे वारंवार मागूनही ते मिळाले नव्हते, म्हणून त्या प्रकरणापुरती सूट मिळाली.

१ जुलै २०२४ पासून जुन्या अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक अभिलेख सादर करणाऱ्याने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा आहे. फाइलीत फेरफार झाला नाही हे दाखविणारे तिचे हॅश मूल्यही त्यात नोंदवावे लागते. रुग्णालयाच्या संगणकातील एक्स-रे, प्रयोगशाळेचे अहवाल, चित्रसंवादाने दिलेला सल्ला हे सर्व याच कक्षेत येते.

डॉक्टर स्वतः प्रतिपक्ष असतो तेव्हा तर हे अधिकच लागू. ग्राहक तक्रारीला उत्तर देण्यास तीस दिवस व फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. त्यापलीकडे मुदत वाढविता येत नाही, असे घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केले आहे. ग्राहक आयोगांसाठी सप्टेंबर २०२० मध्ये ‘ई-दाखिल’ आले आणि १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ ही व्यवस्था सुरू झाली. तक्रार घरबसल्या दाखल होते, तेव्हा उत्तरासाठी लागणारा केसपेपरही तितक्याच लवकर सापडला पाहिजे.

काय करावे

या अनुभवांतून आपल्यापुरते काही नियम घालून घेता येतील. अहवाल शक्यतो टंकलिखित असावा. हस्ताक्षरातील असल्यास तो स्वच्छ आणि वाचण्याजोगा असावा. प्रत्येक पानावर क्रमांक, तारीख, वेळ, नाव व नोंदणी क्रमांक असावा. मोबाइलवर घेतलेले तिरपे छायाचित्र पाठवू नये, नीट स्कॅन केलेली पीडीएफ प्रत द्यावी. मूळ कागद वा मूळ फाइल जपून ठेवावी, आणि दुरुस्ती करणे भाग पडले तर जुनी नोंद न पुसता नवी तारखेनिशी लिहावी. डिजिटल स्वाक्षरी करून ठेवावी. गरज पडेल त्या दिवशी ती मिळत नाही.

बालकांच्या बाबतीत एक पथ्य सर्वांत महत्त्वाचे आहे. पोक्सो कायद्याने पीडित बालकाची ओळख गुप्त राखण्याचे बंधन घातले आहे. पूर्वी लिफाफा लाखेने बंद होई. आता चुकीच्या गटात गेलेला एक संदेश शेकडो हातांत पोहोचतो. म्हणून फाइलीच्या नावात बालकाचे नाव नसावे आणि अहवाल अधिकृत पत्त्याखेरीज कोठेही पाठवू नये.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्याच्याकडे चांगला फोन नाही, ज्याला इंग्रजी संकेतस्थळ उलगडत नाही, त्याच्यासाठी ई-फायलिंग हा नवा उंबरठाच ठरतो. न्यायालयांच्या आवारातील ई-सेवा केंद्रे त्यासाठीच आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यास ७,२१० कोटी रुपयांची मंजुरी दिली. यंत्रणा वाढेल, परंतु दाखल होणारा कागद चांगला असावा ही जबाबदारी यंत्रणा घेणार नाही.

आपल्या संस्थेच्या सभासदांनी एखाद्या रविवारी विधिज्ञ मित्रांना बोलावून या विषयावर कार्यशाळा घ्यावी, अशी माझी नम्र सूचना आहे. प्रमाणपत्राचा नमुना, डिजिटल स्वाक्षरी आणि अभिलेखांची साठवण एवढे तीन विषय पुरेसे आहेत. पुढील साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा एखाद्या बालकाचे काम केवळ आपला दाखला वाचता आला नाही किंवा वेळेवर पोहोचला नाही म्हणून अडू नये, एवढी तयारी मात्र आजपासून करता येईल.