एकदांडीचा पाला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन

गेल्या पावसाळ्यात बेळगावजवळच्या आमच्या शेतात रोप लावताना धाकट्या भावाच्या पायात जुन्या पत्र्याचा तुकडा घुसला. रक्त काही थांबेना. आज्जी बांधावर गेली, मूठभर पाला खुडून आणला, तळहातावर चोळला आणि हिरवा रस जखमेवर पिळला. थोड्या वेळानं रक्त थांबलं. "झालं, उद्या कामाला लागंल," आज्जी म्हणाली.

तो पाला होता एकदांडीचा. कोणी तिला दगडी पाला म्हणतं, कोणी कंबरमोडी. मित्रमैत्रिणींनो, ही वनस्पती तुम्ही रोज तुडवत असाल. जमिनीलगत पसरलेलं खोड, कडेला दाते असलेली खरखरीत केसाळ पानं आणि लांब उभ्या दांडीवर एकच फूल. फूल मधे पिवळं, भोवती फिकट पांढऱ्या पाच-सहा पाकळ्या. प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. 'प्रोकम्बेन्स' म्हणजे जमिनीवर पसरणारी. लिनियसने १७५३ साली हे नाव दिलं.

मला वाटायचं, हे औषध चरक-सुश्रुतांपासून चालत आलं असणार. पण तसं नाही. एकदांडी मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. मिरची, पेरू, काजू यांच्यासारखीच ती पाहुणी. गोव्या-कोकणात जखमेला लावतात ती रानमोडीही अमेरिकेचीच. म्हणजे हा उपाय कुठल्या प्राचीन ग्रंथातून आपल्या गावात आलेला नाही. शेतात राबणाऱ्या माणसांनी एक अनोळखी तण हाताळलं, त्याचा गुण पाहिला आणि पुढच्यांना सांगितला. मला याचं जास्त कौतुक वाटतं.

प्रयोगशाळेतही या पाल्याची तपासणी झाली आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याच्या रसामुळे जखम भरायला मदत होते असं दिसलं. मात्र उंदरांवर दिसलेला गुण म्हणजे माणसांवर सिद्ध झालेलं औषध नव्हे.

त्या दिवशी घरात वाद झाला तो इथेच. मी म्हटलं, "इंजेक्शन घ्यायलाच पाहिजे." बाबा म्हणाले, "रक्त थांबलंय की, कशाला?" आणि आज्जी दुखावली. "व्हय गं, माझा पाला बिनकामाचा झाला?"

तिला मी सांगितलं ते असं. धनुर्वाताचे जंतू गंजात जन्मत नाहीत. त्यांचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात. जखम खोल असली की आत हवा पोचत नाही, आणि हे जंतू हवा नसते तिथेच वाढतात. त्यांचं विष मज्जासंस्थेत जातं, जबडा आवळतो, अंग ताठ होतं. वरून रक्त थांबलं म्हणून आतला धोका टळत नाही. शिवाय पाला खुडला तो शेणखत घातलेल्या बांधावरूनच! न धुता लावला तर आपणच माती जखमेत घालतो.

म्हणून खोल जखम आधी साबण आणि भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवायची आणि दवाखाना गाठायचा. तिथे पाल्याचा रस पिळायचा नाही. साधं वरवरचं खरचटलं असेल तर गोष्ट वेगळी, तरी पाला आणि हात धुतलेले हवेत. जखमेत माती गेली असेल आणि शेवटची लस घेऊन पाच वर्षं उलटली असतील, तर पुन्हा लस घ्यावी लागते.

आज्जी गप्प राहिली. मग स्वतःच उठली, भावाचा पाय कळशीभर पाण्यानं धुतला आणि बाबांना म्हणाली, "गाडी काढ." आरोग्य केंद्रात नर्सबाईंनी शेवटची लस कधी घेतली ते विचारलं. आम्हा कुणालाच सांगता येईना.

शाळेत दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ही लस देतात. तुम्ही घेतली होती का? आज घरी फोन करून एवढं विचाराच.