'कधी चालतं, कधी नाही' हे इंग्रजीत नेमकं कसं लिहायचं?

घरचं वायफाय दिवसातून पाच-सहा वेळा जातं आणि आपोआप परत येतं. तुम्ही कंपनीला मेल टाकता, 'वायफाय इज नॉट वर्किंग.' दुसऱ्या दिवशी माणूस येतो, लाइन तपासतो, सगळं सुरळीत. तक्रार बंद! संध्याकाळी पुन्हा तेच.

घोळ वायफायचा आहेच, पण वाक्यही साथ देत नाही. 'इज नॉट वर्किंग' म्हणजे आत्ता, या घडीला बंद आहे. पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टीला साधा वर्तमानकाळ लागतो: 'द कनेक्शन कीप्स ड्रॉपिंग.' अशा मधूनमधून होणाऱ्या बिघाडाला तांत्रिक भाषेत 'इंटरमिटंट' म्हणतात. तक्रारीत हा शब्द असला की 'मी आलो तेव्हा तर चालू होतं' एवढ्यावर ती बंद करणं अवघड जातं.

दुसरा खड्डा 'ऑलवेज'चा. मराठीत 'हे नेहमी चालत नाही' याचे दोन अर्थ निघतात: कधी कधी चालत नाही, किंवा कधीच चालत नाही. बोलताना सुरावरून कळतं, लिहिताना नाही. इंग्रजीत 'इट डझन्ट ऑलवेज वर्क' म्हणजे कधी चालतं, कधी नाही. कधीच चालत नसेल तर सरळ 'इट नेव्हर वर्क्स'. 'इट ऑलवेज डझन्ट वर्क' कानालाही खटकतं.

माणसांबद्दल लिहिताना मात्र जास्त जपावं लागतं, कारण ते कुणाच्या तरी अप्रेझलमध्ये जाऊन बसतं. एखाद्याचा एक रिपोर्ट उत्तम, दुसरा सुमार असेल तर काम 'इनकन्सिस्टंट'. हजेरीचा नेम नसेल तर 'इरेग्युलर'. 'इरॅटिक' मात्र जड शब्द आहे. भटकणं या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून तो आला. माणसाला लावला की वागण्याचा काही धरबंदच नाही, असा सूर लागतो. दोनदा उशिरा आलेल्या सहकाऱ्याला तो चिकटवणं हा अन्यायच.

'लहरी'साठी आपण सर्रास 'मूडी' वापरतो, पण इंग्रजीत त्यात चिडचिडेपणाची छटा येते. 'धरसोड'साठी 'फिकल' जवळचा. 'दुटप्पी' म्हणजे 'हिपोक्रिटिकल', आणि तो थेट आरोप आहे. आज गोड, उद्या थंड अशा माणसाला 'ब्लोज हॉट अँड कोल्ड' म्हणतात. इसापच्या गोष्टीतला माणूस एकाच फुंकरीने हात गरम करतो आणि जेवण गार, तिथून हे आलं. मित्राला लिहायला झकास, ऑफिसच्या मेलमध्ये नको.

आणि 'इनकन्सिस्टंट'पुढे 'विथ' आला की अर्थच बदलतो. 'इनकन्सिस्टंट विथ द बिल' म्हणजे बिलाशी न जुळणारं.

वायफायच्या मेलमध्ये तर विशेषणापेक्षा आकडे जास्त कामाला येतात: 'सिन्स मंडे, द कनेक्शन हॅज ड्रॉप्ड फाइव्ह ऑर सिक्स टाइम्स अ डे, मोस्टली आफ्टर 8 पीएम.' निदान माणूस कधी पाठवायचा, हे तरी कंपनीला कळेल.