'प्रीबिल्ड्स' नावाचं फोल्डर

ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबागाईतदाराचा जीव हवेतल्या दमटपणात अडकतो. डाउनी रोग कधी पडेल याचा नेम नसतो. म्हणून दिंडोरी तालुक्यातल्या माझ्या मित्राने बागेत आर्द्रता मोजणारं यंत्र बसवलंय. त्याची सिरियल केबल पंपाच्या खोलीतल्या रास्पबेरी पायला जोडलेली आहे आणि आकडे मोबाइलवर पाठवणारा जावास्क्रिप्ट प्रोग्रॅम मी लिहिलाय. पहिल्यांदा तो बसवला तेव्हा 'सिरियलपोर्ट' पॅकेजमधला सी प्लस प्लस कोड त्या चिमुकल्या संगणकाने स्वतः कंपाइल केला. चहा झाला, बागेला एक फेरी झाली, तरी स्क्रीनवर ओळी सरकतच होत्या. गेल्या वर्षी मेमरी कार्ड खराब झालं म्हणून सगळं नव्याने घातलं, तर तेच पॅकेज तांब्याभर पाणी पिऊन होईतो तयार! नव्या कार्डावर कंपायलर नव्हताच. मी तिथेच पॅकेजचं पोट उघडून बसलो.

पार्श्वभूमी भरभर सांगतो. जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवणारं नोड जेएस रायन डाल यांनी २००९ मध्ये आणलं. त्याच्या आत गूगलचं व्ही-८ इंजिन. यंत्राच्या अगदी जवळची कामं सी, सी प्लस प्लस किंवा हल्ली रस्टमध्ये लिहून मशीन कोडमध्ये उतरवतात. त्यातून तयार होणाऱ्या फाइलचं नाव 'डॉट नोड'ने संपतं, पण ती असते विंडोजवरची डीएलएल किंवा लिनक्सवरची शेअर्ड लायब्ररीच. बांधणीचं काम नोड-जिपचं. त्याला पायथन आणि कंपायलर लागतो. विंडोजवर त्यासाठी कित्येक जीबींची अवजारं उतरवावी लागतात.

मग एकदाच बांधून ती फाइल सगळ्यांना का देऊ नये? इथे आकड्यांची अडचण येते. नोडच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला मॉड्यूल जुळण्याचा एक क्रमांक असतो: नोड १८ चा १०८, २० चा ११५, २२ चा १२७. थेट व्ही-८ च्या आधाराने बांधलेलं मॉड्यूल दुसऱ्या क्रमांकाच्या नोडने उघडू पाहिलं की ते लोड व्हायला साफ नकार देतं. ही गाठ एन-एपीआयने सोडवली. २०१७ मध्ये नोड ८ बरोबर प्रयोगादाखल आलेला हा स्थिर दुवा २०१८ मध्ये नोड १० मध्ये पक्का झाला. मॉड्यूल व्ही-८ ऐवजी या दुव्याशी बोलतं, त्यामुळे आज बांधलेली फाइल पुढच्या आवृत्त्यांतही चालते. नोडच्या इतिहासातलं हे सर्वांत उपकारक काम, असं माझं ठाम मत आहे.

आता माझ्या आवडीची जागा. माथियास बूस यांच्या 'प्रीबिल्डिफाय'ने बांधलेल्या फाइली पॅकेजमध्येच 'प्रीबिल्ड्स' फोल्डरात बसतात. आत प्रत्येक प्रणाली-प्रोसेसर जोडीचं वेगळं घर: विन३२-एक्स६४, डार्विन-एआरएम६४, लिनक्स-एआरएम. त्यांतली नेमकी फाइल उचलतं त्यांचंच 'नोड-जिप-बिल्ड'. ते आधी 'बिल्ड/रिलीज' बघतं, कारण तुम्ही स्वतः काही बांधलं असेल तर मान त्याचा. तिथे काही नसेल तर प्रीबिल्ड्समध्ये शिरून फाइलींची नावं तुकड्यातुकड्यांनी वाचतं. नावात 'नॅपी', म्हणजे एन-एपीआय, असेल तर नोडच्या क्रमांकाची चौकशीच करत नाही. लिनक्सवर आणखी एक पेच असतो: बहुतेकांची सी लायब्ररी जीलिबसी, तर अल्पाइन लिनक्सची मसल. हे ओळखायला 'ईटीसी' फोल्डरात 'अल्पाइन-रिलीज' ही फाइल आहे का, एवढंच ते पाहतं. इतका साधा आणि इतका नेमका उपाय मी फार क्वचित पाहिलाय. फाइल ठरली की नोड ती प्रक्रियेच्या स्मृतीत जोडतं आणि आतलं सी प्लस प्लसचं फंक्शन जावास्क्रिप्टला आपल्याच फंक्शनसारखं हाक मारता येतं.

तयार फाइल इन्स्टॉलच्या वेळी दुसऱ्या सर्व्हरवरून खेचणारीही पॅकेजेस आहेत. मला ती पद्धत पटत नाही. एका प्रशिक्षण केंद्रात गेलो होतो, तिथल्या फायरवॉलमधून पॅकेजेसचं भांडार असलेलं एनपीएम चालू, बाकी सगळं बंद. मुलांचं पॅकेज यायचं, फाइल यायची नाही आणि कंपायलर शोधत इन्स्टॉल कोसळायचं. फाइल पॅकेजमध्येच असती तर पोरांची दुपार वाचली असती. सगळ्या प्रणालींच्या फाइली आल्याने पॅकेज जड होतं, हे खरं. त्यावर ईएसबिल्डने काढलेली वाट सुंदर आहे: प्रत्येक प्रणालीसाठी वेगळं छोटं पॅकेज, आणि एनपीएम फक्त जुळणारंच उतरवतं. एक आग्रह मात्र सोडू नये. तयार फाइल डोळ्यांनी वाचता येत नाही, म्हणून तिचा मूळ कोड आणि तो बांधण्याची रीत उघडी असलीच पाहिजे.

पंपाच्या खोलीत मला लिनक्स-एआरएमच्या घरात दोन फाइली दिसल्या, एक एआरएमव्ही६ ची, एक एआरएमव्ही७ ची. जुन्या, हळू पायचीही कुणीतरी आठवण ठेवली होती. आमच्या पायने दुसरी उचलली. केबल जोडताच आर्द्रतेचा आकडा मोबाइलवर झळकला. मित्राने तो पाहिला, आभाळाकडे नजर टाकली आणि उद्याची फवारणी आजच करायची म्हणून गड्याला हाक मारली.